चौथा भिडू, उजवं कोपर

पाण्याची बाटली मी डाव्या हाताने उचलते हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी बाकाच्या डाव्या टोकाला बसायला लागले. सेट संपला की बाकीचे तिघं कोवळ्या उन्हाकडे तोंड करून बसायचे आणि मी टोकाला, रॅकेट मांडीवर, उजव्या हातावर टॉवेल. टॉवेलखाली डाव्या अंगठ्याने कोपराच्या बाहेरचं हाड दाबायचं काम चालू असायचं. दाबलं की डोळ्यांत पाणी, सोडलं की ठणका, तरी दाबायचंच. दात दुखत असला की जीभ हटकून तिथेच जाते, तसं.

हे २०२२च्या नोव्हेंबरातलं. मी तेव्हा ४९ वर्षांची. टेनिस शिकले तेच मुळी ३९व्या वर्षी. लेकीला कोचिंगला सोडायचं आणि दीड तास गाडीत बसून काय करायचं, म्हणून शेजारच्या कोर्टवर मार्करकडून, म्हणजे कोर्टवर खेळायला-शिकवायला ठेवलेल्या माणसाकडून, भिंतीवर बॉल मारायला शिकले. लेक दहावीला खेळ सोडून मोकळी झाली, मी अडकले.

आमची चौकडी सकाळी साडेसहाची. कर्नल, वय ७१, सर्व्हिस अजून सणसणीत. सीए, जे प्रत्येक कॉलवर हरकत घेतात. बाई, म्हणजे निवृत्त फिजिक्सच्या शिक्षिका. त्यांना पळताना कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांचा लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला बॉल, बरोबर बेसलाइनच्या, मागच्या रेषेच्या, आत पडतो आणि पलीकडची माणसं मात्र पळत सुटतात. आणि चौथी मी. डबल्सला चार माणसं लागतात, पाच नाही आणि तीनही नाहीत, एवढं एक गणित समजलं की पुढचं सगळं समजतं. रात्री नऊला ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘उद्या?’ सव्वानऊपर्यंत चार अंगठे आले पाहिजेत. नाही आले तर बाहेर वाट बघणारे पुष्कळ आहेत. माझ्याआधी या चौकडीत एक गृहस्थ होते, ते मुलाकडे अमेरिकेला सहा महिने गेले. परत आले तोवर त्यांच्या जागी मी आले होते. तेव्हापासून ते मैदानाला फेऱ्या मारतात आणि जाळीपलीकडून ‘चालू द्या’ म्हणून हात करतात. त्यांना आम्ही अमेरिकावाले म्हणतो. कोपर दुखायला लागलं तेव्हा डॉक्टर नाही आठवला मला, अमेरिकावाले आठवले.

दुखायला का लागलं याचा हिशेब खूप नंतर लागला. त्या वर्षी पावसाळ्यात कोर्ट जवळजवळ बंदच होतं. मातीचं कोर्ट, एकदा भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नाही. ऑक्टोबरात उघडलं तसे आम्ही उपाशी माणसासारखे तुटून पडलो. तीन महिने शून्य, आणि मग एकदम आठवड्यातून पाच दिवस. त्यात मी रॅकेट बदलली होती. लेकीची रॅकेट २०१८पासून कपाटावर पडून होती, दिसायला झोकदार, ती काढली. बॉल आमचे नेहमीचे. तीन बॉलचा एक डबा दोन आठवडे पुरवायचा हा सीएंचा दंडक, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात बॉल टप्प्यावर उसळत नाही, नुसता ‘थप्प’ म्हणतो आणि त्याला पलीकडे ढकलायला दुप्पट जोर लावावा लागतो. आणि याच ऑक्टोबरात दिवाळी. चकलीचा सोऱ्या. तीन किलो भाजणीच्या चकल्या मी उजव्या हाताने दाबून पाडल्या, वर पन्नास-साठ करंज्या लाटल्या. कोपराने काय करावं बिचाऱ्याने?

बिंग फुटलं ते स्वयंपाकघरात. दूध उतू चाललं होतं, सांडशीने पातेलं उचललं. सांडशी धरताना तळवा खाली असतो, मूठ घट्ट, मनगट वर ताणलेलं. कोपरातून जी कळ निघाली ती पार मधल्या बोटापर्यंत. बोटं आपोआप उघडली. दोन लिटर दूध, ओटा, फरशी, माझी साडी. सासूबाई पूजेवरून उठून आल्या. दुधाकडे त्यांनी पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या, “किती दिवस अंगावर काढते आहेस?”

‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्राला क्रिकेटने शिकवला. २००४ साली सचिनचं कोपर दुखावलं आणि पानाच्या टपरीवरही माणसं त्या हाडाबद्दल अधिकारवाणीने बोलायला लागली. २००५मध्ये त्याची लंडनला शस्त्रक्रिया झाली तेव्हा आमच्या बँकेत कॅश काउंटरवर त्याच विषयावर वाद झाल्याचं मला आठवतं. त्यामुळे माझ्या दुखण्याचं निदान मी स्वतःच केलं, आणि उपायही. औषधाच्या दुकानातून मलम आणलं, कोपराखाली बांधायचा पट्टा आणला, तो पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टखाली लपवला. पुण्याची थंडी कामी आली. खेळायला निघताना वेदनाशामक गोळी, तीही नुसत्या चहावर. पहिला सेट छान जायचा. गोळीने दुखणं जात नाही, फक्त त्याचं तोंड बंद होतं, हे कळत होतं. पण आठ वाजेपर्यंत ते बंद राहिलं तरी मला पुरे होतं.

जानेवारीत एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कोपर दाबलं, मधलं बोट सरळ धरायला लावून त्यावर दाब दिला, मी किंचाळले, आणि दहा मिनिटांत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन मी बाहेर होते. दोन रात्री हात जडशीळ झाला आणि तिसऱ्या दिवशी चमत्कार. दुखणं गायब. मी सांडशीने पातेली उचलली, पिळे काढून बेडशीट वाळत घातली, बॅकहँड, म्हणजे डाव्या अंगाचे उलटे फटके, असे मारले की सीएंनी हरकत घेणं सोडून दिलं. पाच आठवडे मी अजिंक्य होते.

सहाव्या आठवड्यात ते परत आलं, आणि सामानसुमान घेऊन आलं. आता किल्ली फिरवताना दुखायचं, टूथपेस्टचं झाकण उघडताना दुखायचं, आणि पोळी लाटताना तर दुसऱ्या पोळीलाच हात थांबायचा.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पहिल्या मजल्यावर तीन पलंग, मध्ये निळे पडदे, शेजारच्या पडद्याआड कुणीतरी आजोबा ‘आई गं’ म्हणत. तिने हाताला हातच लावला नाही बराच वेळ. वही उघडली.

“काकू, घरी पोळ्या कोण करतं?”

“मीच.”

“रोज किती?”

“बारा. सुट्टीच्या दिवशी सोळा.”

“कपडे हाताने पिळता?”

“सासूबाईंची नऊवारी मशीनला टाकत नाही.”

“आणि टेनिस?”

“आठवड्याला साडेसात तास,” मी जरा ताठ बसून सांगितलं. तिने वहीत आधी पोळ्या लिहिल्या, मग साडी, आणि टेनिस तिसऱ्या ओळीवर. मला अपमान वाटला. पण तिचं बरोबर होतं. या दुखण्याचे बहुतेक रुग्ण आयुष्यात रॅकेटला हात न लावलेले असतात. सुतार, रंगारी, शिंपी, दिवसभर माउस धरणारे. त्याचं पहिलं वैद्यकीय वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने केलं, ते लिहून लिहून हात धरलेल्या लोकांबद्दल. लॉन टेनिसचं पेटंट विंगफिल्डने घेतलं १८७४मध्ये. म्हणजे आजार खेळाच्या आधीचा. पुढे १८८२मध्ये हेन्री मॉरिस या इंग्रज सर्जनने ‘लॉन टेनिस आर्म’ म्हटलं आणि बदनाम झालो आम्ही.

तिने समजावलं ते असं. मनगट मागे उचलणारा एक स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला दोरीसारख्या कंडरेने बांधलेला असतो. त्याचं नाव एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेविस. मला ते एखाद्या रोमन सेनापतीचं वाटलं आणि घरी आम्ही त्याला सेनापतीच म्हणायला लागलो. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवायला हाच राबतो. म्हणून तळवा वर करून पेला उचलला तर दुखत नाही, तळवा खाली करून सांडशी धरली की जीव जातो. आणि महिनोन् महिने दुखणाऱ्या कंडरेत सूज अशी फारशी नसते. तिचे धागे विस्कटलेले असतात, झिजलेल्या सुंभासारखे. सूज उतरवणारं औषध तिथे फार काळ काय करणार? विश्रांतीने ठणका बसतो, पण धागे मजबूत होत नाहीत. त्यांना वजनच लागतं, बेताचं आणि नेमाचं.

इंजेक्शनचं मी सांगितल्यावर तिने फोनवर एक जुना अभ्यास काढून दाखवला. २००६चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. १९८ रुग्ण, तीन गट. एकाला इंजेक्शन, एकाला फिजिओ, एकाला ‘थांबा आणि पाहा’. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे. पण त्यांतल्या बऱ्या झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं उलटलं, आणि वर्षाअखेरीला बाकीचे दोन्ही गट त्यांच्या पुढे. मी बँकेतली बाई, तक्ता दिसला की शेवटची ओळ आधी वाचते. म्हटलं, “अगं, पण वर्षाअखेरीला फिजिओवाले आणि नुसते थांबलेले जवळजवळ सारखेच दिसतायत की! मग तुझ्याकडे कशाला येऊ?”

ती हसली. “वर्षभर थांबायची तयारी असेल तर नका येऊ.”

माझी नव्हती. म्हणजे आले.

व्यायाम पाहून मात्र निराशा झाली. टेबलावर हात टेकवायचा, मनगट काठाबाहेर, तळवा जमिनीकडे, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. ती वर धरायची, ४५ सेकंद, न हलवता. पाच वेळा. एवढंच. दोन-तीन आठवड्यांनी डाव्या हाताने बाटली वर न्यायची आणि उजव्याने अगदी हळू, चार-पाच आकडे मोजत खाली सोडायची. मग लिटरची बाटली. मग दोन किलोचं डंबेल. दुखलं तर? दहापैकी तीन इतपत दुखणं चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असलं पाहिजे, वाढलेलं नको. हा ‘दहापैकी तीन’ माझ्या आयुष्यात आला आणि कायमचा राहिला. आधी मला दोनच प्रकार माहीत होते, दुखतंय आणि नाही दुखत. आता दुधाचं पातेलं पाच होतं, पोळी चार, किल्ली दोन, बँकेतले शिक्के दोन. घरात मुलांचे मार्क विचारावेत तसं सासूबाई संध्याकाळी विचारायच्या, “आज सेनापती किती?”

पोळ्यांना मावशी लावल्या. त्यांच्या पोळ्या जाड होतात अशी तक्रार यजमानांनी एकदाच केली.

राहिला प्रश्न कोर्टचा. सहा-आठ आठवडे सर्व्हिस नाही, बॅकहँड नाही, असं तिने बजावलं होतं. सर्व्हिस आणि बॅकहँड नसलेलं टेनिस म्हणजे साखर-दूध नसलेला चहा, त्यापेक्षा पाणी प्यावं. तेव्हा सांगणं भाग होतं. एप्रिलातली सकाळ, सेट संपलेला. मी टी-शर्टची बाही वर केली आणि पट्टा दाखवला. “नोव्हेंबरपासून दुखतंय. दोन महिने थांबावं लागणार.”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग कर्नल उठले, पाठ आमच्याकडे केली आणि टी-शर्ट कमरेपासून वीतभर वर उचलला. आत चार पट्ट्यांचा कमरेचा बेल्ट, घामाने कडेला पिवळा पडलेला. “ट्वेंटी सेव्हन्टीन,” ते म्हणाले, “एल फोर, एल फाइव्ह.” म्हणजे कमरेचे मणके. बाईंनी न विचारता बूट काढून टाचेखालची जेलची गादी दाखवली. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं त्या भिंत धरून टाकतात. म्हणून त्या पळत नाहीत! इतकी वर्षं आम्ही तो त्यांचा डावपेच समजत होतो. सीए म्हणाले मला काही होत नाही, पण त्यांचा खांदा डोक्याच्या वर जात नाही हे त्यांची सर्व्हिस पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. चार लपवणारे एका बाकावर, आणि प्रत्येकाला वाटतंय की बाकीचे तिघं धडधाकट आहेत.

हे सगळं ऐकून हायसं वाटलं, पण चौथा त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला. आयटीतला मुलगा, ३४ वर्षांचा. रात्री नऊला ग्रुपवर चार अंगठे यायचे आणि मी फोन पालथा ठेवायचे. ते दोन महिने कोपरापेक्षा वाईट गेले, हे सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

रिकाम्या सकाळी मी मार्करकडे जाऊन बसायचे. तो तीस वर्षं या कोर्टवर आहे. पुस्तकी काही सांगत नाही, पण चालताना बघून कुणाला कुठे दुखतंय हे सांगतो. त्याने माझी रॅकेट मागितली, अंगठ्याने तारा दाबल्या, तळहातावर आपटल्या. “हे तारांचं गटिंग कधीचं?”

“लेक खेळायची तेव्हाचं. पाच वर्षं झाली असतील.”

“ताई, ही जाळी नाही, पिंजरा आहे.”

पॉलिएस्टरच्या तारा, ५४ पौंडांवर ओढलेल्या. १९९७ला ब्राझीलच्या कुएर्तेनने त्या वापरून फ्रेंच ओपन जिंकली आणि मग पोरासोरांपर्यंत सगळ्यांना त्याच हव्याशा झाल्या. त्या मुळात कडक, त्यांचा ताण लवकर उतरतो, आणि मेल्या तरी तुटत नाहीत. व्यावसायिक खेळाडू सामन्यागणिक ताज्या तारांची रॅकेट घेतात, आम्ही तुटेपर्यंत थांबतो, म्हणजे वर्षानुवर्षं. बॉलचा सगळा हादरा मग हातात. त्याने मऊ, बहुपदरी तारा घालायला लावल्या, ४८ पौंडांवर. आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग करा, हा जुना हिशेबही सांगितला. गटिंगचा खर्च मी तीन भेटींच्या फिजिओच्या फीशी ताडून पाहिला आणि गप्प बसले.

मग त्याने मला दहा बॅकहँड हवेत मारायला लावले, बॉलशिवाय. “तुम्ही बॉल रॅकेटने मारतच नाही, कोपराने मारता. कोपर पुढे येतं, मग मनगट, मग रॅकेट. उशीर झाला की सगळा भार इथे.” आणि पुढे म्हणाला, “पोळी लाटताना लाटणं असं आवळता का हो?”

नाही आवळत. लाटणं बोटांवर फिरतं, मूठ सैलच असते. हे एक वाक्य मला जेवढं उपयोगी पडलं तेवढं काहीच नाही. बॅकहँड दोन हातांचा करून घेतला. पहिले दोन महिने तो झाडू मारल्यासारखा दिसायचा. आता तितकासा दिसत नाही.

पावसाळा गेला, ऑक्टोबरात परत उतरले. या वेळी आठवड्याला दोन दिवस, मग तीन. आम्ही पाच झालो होतो, आयटीवाला चांगला मुलगा निघाला, पाळीपाळीने बसायचं ठरलं. कोपर एकवर. दिवाळीला चकल्या विकत आणल्या, सासूबाईंनी चार दिवस मौन पाळलं. इथे गोष्ट संपायला हवी होती.

२०२४, जानेवारीचा पहिला आठवडा. कडाक्याची थंडी, मला उशीर झालेला, आत तिघं वाट बघतायत. गाडीतून उतरून थेट कोर्टवर. दुसराच गेम. बाईंचा लॉब (त्या दिवशी त्या विरुद्ध बाजूला) डोक्यावरून गेला, मी वळून पहिलं पाऊल दाबलं आणि डाव्या पोटरीवर मागून कुणीतरी सणकून बॉल मारला. मी गर्रकन मागे वळून ओरडले, “अरे, बघून मारा ना!” मागे कुणीच नव्हतं. शेजारचं कोर्ट रिकामं. बॉल नव्हताच. मग पाय टेकवायला गेले आणि टेकेना.

त्याला ‘टेनिस लेग’ म्हणतात, असं संध्याकाळी समजलं. म्हणजे या खेळाने माझ्या हाताला एक नाव दिलं आणि पायालाही. पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू जिथे कंडरेला मिळतो तिथे फाटतो. चाळिशी-पन्नाशीतल्यांचा लाडका आजार, आणि मागून कुणी मारल्याचा भास हीच त्याची ओळख. या वेळी मी गोळी-मलम केलं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठला. त्यांनी पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने दाबल्या. पोटरी दाबली की पाऊल आपोआप हललं पाहिजे. डावं हललं, बेताचं, पण हललं. म्हणजे टाचेची मोठी कंडरा शाबूत. सोनोग्राफीत फाटलेलं दिसलं. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी तर नाही ना, तेही पाहून घेतलं. त्या दहा मिनिटांत मी टेनिस सोडायची शपथ घेऊन मोकळी झाले.

सासूबाईंनी आंबेहळद-रक्तबोळ उगाळला. शेजारणीने मालीशवाल्याचा नंबर दिला, शिरेवर शीर चढली असेल, उतरवून देतो म्हणे. मी फिजिओला फोन केला. “लेप लावा काकू, खुशाल लावा, पण पोटरीला हात लावू द्यायचा नाही कुणाला. फाटलेलं चोळून आणखी रक्त उतरेल.” लेप लागला. तिसऱ्या दिवशी पोटरीतलं काळंनिळं हळूहळू घोट्यात उतरलं, वांग्याच्या रंगाचा मोजाच जणू. ते बघायला बिल्डिंगमधून माणसं येऊन गेली.

पाय उशीवर, घोटा जांभळा, आणि समोर टीव्हीवर मेलबर्न. २७ जानेवारीला रोहन बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली, ४३व्या वर्षी. त्याच्या गुडघ्यांत कूर्चा उरलेली नाही असं तो स्वतः सांगतो, आणि श्रेय अय्यंगार योगाला देतो. आमच्या घरापासून मॉडेल कॉलनीतली अय्यंगारांची संस्था रिक्षाने वीस मिनिटांवर. १९७५पासून तिथे परदेशी लोक शिकायला येतात, आणि आम्ही पुणेकर तिच्यावरून जाताना ‘हे ते’ एवढंच म्हणतो. मार्चपासून मी घराजवळच्या एका वर्गाला जायला लागले, त्याच पद्धतीच्या. पट्टा, विटा, लोड, भिंतीला दोर. पाठीवर झोपून पायाला पट्टा अडकवून वर ताणायचा, सुप्त पादांगुष्ठासन. पहिल्या दिवशी माझा पाय जिथे थांबला ते पाहून बाईंनी (योगाच्या, आमच्या नव्हे) नुसती भुवई उंचावली.

पोटरीचा व्यायाम कोपराहून सोपा आणि जास्त कंटाळवाणा. टाचा उचलायच्या. आधी बसून, मग दोन पायांवर, मग एका पायावर. ओट्याला हात टेकून करायचे, कुकर लावला की. तीन शिट्ट्या म्हणजे तीन फेऱ्या. डाळ शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पोटरी शिजते. एका पायावर सलग पंचवीस झाल्याशिवाय कोर्टवर पाय ठेवायचा नाही, असं फिजिओने सांगितलं होतं. फेब्रुवारीअखेर अकरा झाले. मार्चमध्ये एकोणीस. एकोणीसवरच मी दोनदा ग्रुपवर अंगठा टाइप करून खोडला. पंचविसावा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, आमटी त्या दिवशी जरा लागली.

आता ५१ संपत आली. उजवा गुडघा जिन्यात कुरकुरतो, पण दुखत नाही, म्हणून त्याच्याकडे बघत नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गेल्या महिन्यापासून दोन-अडीचच्या आसपास काहीतरी आहे, त्याच्याकडे बघते आहे. टोचल्यासारखी, एका बोटाने दाखवता येणारी कळ असेल तर मी थांबते. सगळीकडे पसरलेला, उठताना अवघडवणारा ठणका असेल तर दहा मिनिटं दोरीच्या उड्या मारून बघते, बहुधा तो उड्यांबरोबर पळतो. बॉलचा डबा आता आठवड्याला एक उघडतो, सीएंच्या हरकतीसह. खेळाआधीची गोळी बंद. कर्नलांची बंद नाही, त्यांना कोण सांगणार.

आणि पाचांपैकी कुणी ना कुणी कायम बाकावर असतंच. २०२५च्या फेब्रुवारीत आयटीवाल्याचा घोटा मुरगळला, तेव्हाच बाईंचं टाचेचं उपटलं आणि आम्ही उरलो तीन. सीए जाळीपाशी गेले. अमेरिकावाले त्यांच्या चौथ्या फेरीत होते. “खेळता का?” म्हटल्यावर ते काही बोललेच नाहीत. सरळ पार्किंगकडे चालायला लागले, आम्हाला वाटलं रागावले. गाडीच्या डिकीतून रॅकेट घेऊन परत आले. इतकी वर्षं ती तिथेच होती.

काल रात्री नऊला विचारणा झाली. सहा जणांतून चार अंगठे, एक ‘कंबर’ आणि एक ‘नातू आलाय’. पहिला अंगठा अमेरिकावाल्यांचा, नऊ वाजून शून्य मिनिटांनी. माझा तिसरा, डाव्या हाताने टाकलेला.